बूच सोलणाऱ्याचे डोळे

जूनचा पहिला सोमवार. ऊन अजून टेकडीपलीकडंच होतं, तेवढ्यात बाल्ताझारच्या कुऱ्हाडीनं तिसऱ्यांदा आईला घाव घातला.

बुचाच्या झाडाच्या आतल्या सालीला आमच्याकडं आई म्हणतात. वरचं बूच नऊ वर्षांतून एकदा काढायचं, पण आईला धक्का लागता कामा नये. ती शाबूत राहिली तर तिच्या अंगावर नवं बूच धरतं. तिला पातं लागलं की तिथं जन्माचा व्रण राहतो, आणि पुढची टोळीसुद्धा विचारते, हे कुणाचं काम? म्हणून कुऱ्हाड मारायची ती मोजक्या जोरानं. पातं बुचातून जायचं आणि आईच्या अंगावर थांबायचं. हे मनगटाला समजावं लागतं. बाल्ताझारच्या मनगटाला ते छत्तीस वर्षं समजत होतं.

पहिल्या घावावर त्यानं थुंकी लावून अंगठा फिरवला. दुसऱ्यावर माती चोळली. तिसरा तळहाताएवढा होता. सालीचा लचका निघून आतलं ओलं, फिकट लाकूड उघडं पडलं होतं. ते कशानं झाकणार?

झाडाच्या दुसऱ्या बाजूला लिओनेल होता. लिओनेल म्हणजे बाल्ताझारच्या बायकोचा धाकटा भाऊ. सतरा वर्षं दोघं एकाच झाडावर जोडीनं कुऱ्हाड चालवत होते. तो वळसा घालून आला, घाव बघितला आणि खाली बघत म्हणाला, "दाजी, झोप झाली नाही का रात्री?"

"पातं बोथट झालंय."

लिओनेलनं पातं बघितलं नाही. काल संध्याकाळी दोन्ही कुऱ्हाडींना त्यानंच धार लावली होती.

टोळीचा मुकादम कुस्तोदियो वरच्या उतारावरून आला. वय पंचेचाळीस. कुऱ्हाड कशी धरायची हे त्याला बाल्ताझारनंच शिकवलं होतं. तो घावापाशी उकिडवा बसला, आणि बराच वेळ बसून राहिला. टोळीतल्या बाकीच्या कुऱ्हाडी एकेक करून थांबल्या.

"बाल्ताझारकाका," तो हळू आवाजात म्हणाला, "तुम्ही आज फळ्या वाहा."

"कुणी?"

"आजच्या दिवस. मालक दुपारी येणार आहे. त्यानं हे बघितलं तर मी काय सांगू?"

तो ओरडला असता तर बाल्ताझारला उलट काही बोलता आलं असतं. त्यानं कुऱ्हाड लिओनेलच्या पायाशी ठेवली आणि बायका होत्या तिकडं निघाला.

सोललेल्या बुचाच्या फळ्या गोळा करून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीपर्यंत न्यायचं काम बायकांचं, नाहीतर पहिल्या वर्षाच्या नवख्यांचं. त्या बायकांत त्याची बायको झुल्मिरासुद्धा होती. डोक्याला रुमाल, खांद्यावर पोत्याची घडी. तिनं त्याला येताना बघितलं आणि खांद्यावरची घडी सारखी केली. तिच्या मागची एक म्हातारी म्हणाली, "झुल्मिरा, नवी पोरगी आणलीस वाटतं कामाला. जरा केसाळ आहे."

बायका हसल्या. बाल्ताझारनं वाकून दोन फळ्या उचलल्या, खांद्यावर घेतल्या आणि पहिल्याच पावलाला डाव्या हाताच्या दगडाला ठेचकाळला. दगड बकरीएवढा होता. कुणी हसलं नाही. झुल्मिरानं त्या दगडाकडं बघितलं, मग नवऱ्याकडं.

दुपारी एकला काम सुटलं. घरी आल्यावर तिनं लसूण-कोथिंबीर खलात कुटली, उकळतं पाणी ओतलं, त्यात शिळा पाव मोडून टाकला, वर अंडं सोडलं. तो जेवत असताना ती मागच्या छपरीत गेली. तिथं त्याची खिळ्यांची, तारांची, जुन्या कुलपांची खोकी होती. परत आली तेव्हा तिच्या ओंजळीत पाच बाटल्या होत्या. डोळ्यात घालायच्या थेंबांच्या, गेल्या वर्षी डॉक्टरनं लिहून दिलेल्या. चार तर फोडलेल्याच नव्हत्या.

तिनं त्या ताटाशेजारी एका ओळीत मांडल्या.

"वर्षभर मी विचारत होते, थेंब घातलेस का. तू म्हणत होतास, घातले."

"डोळे लाल होतात त्यानं. सगळे म्हणायचे, सकाळी सकाळी पिऊन आलाय."

"म्हणून घातले नाहीस?"

"मला दिसत होतं की. दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. दुखत नाही त्याला औषध कशाला?"

"आज तीन घाव घातलेस. आणि तो दगड."

"दगडाचं काय?"

"तुझे वडील असेच घराच्या उंबऱ्याला ठेचकाळायला लागले होते," झुल्मिरा म्हणाली. "नंतर अकरा वर्षं दारातल्या खुर्चीवर बसले. मी त्यांना हाताला धरून संडासात नेत होते. मी. तू कुऱ्हाडीवर असायचास. तुला हाताला धरून नेणार नाही मी. तेवढी ताकद आता नाही राहिली."

त्यानं चमचा खाली ठेवला. अंडं तसंच राहिलं.

गुरुवारी सकाळच्या बसनं दोघं एव्होरा शहरातल्या इस्पितळात गेली. आधी एका अंधाऱ्या खोलीत त्याला यंत्रासमोर बसवलं. पांढऱ्या टोपल्यासारखं काहीतरी होतं, त्यात तोंड घालायचं, मधल्या पिवळ्या ठिपक्याकडं बघत राहायचं आणि कडेला कुठंही दिवा चमकला की हातातलं बटण दाबायचं. एक डोळा झाकून, मग दुसरा. पहिले काही दिवे दिसले. मग बराच वेळ काही दिसेना. बाहेर बाकावर झुल्मिरा बसली होती, यंत्र चालवणारी मुलगी बटणाचा आवाज ऐकत शेजारी उभी होती. दिवे लागत असणार आणि आपल्याला दिसत नसणार, हे बाल्ताझारला कळलं. त्याच्या काखेत घाम आला. त्यानं अंदाजानं बटण दाबायला सुरुवात केली. जरा थांबून एकदा, जरा थांबून एकदा.

डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. पन्नाशीच्या, चष्मा केसांवर सरकवलेला.

"बाल्ताझारभाऊ, हे यंत्र मधे मधे दिवा लावतच नाही. मुद्दाम. तेव्हाही तुम्ही बटण दाबलंत."

त्यानं बटण मांडीवर ठेवलं.

"इथं पास-नापास काही नसतं. मला खरं कळलं नाही तर मी तुमचा डोळा वाचवू कसा? पुन्हा करू या."

दुसऱ्या वेळी त्यानं दिसलं तेव्हाच दाबलं. अंधारात बसून वाट बघायची, आणि काहीच येत नाही. आयुष्यात एवढं लांब काही वाटलं नव्हतं त्याला.

डाव्या डोळ्यातला दाब छत्तीस निघाला, उजव्यातला एकोणतीस. एकवीसच्या आत हवा, असं बाईंनी सांगितलं. डाव्या डोळ्याला मधलं तेवढं दिसत होतं, उजव्याची नाकाकडची बाजू जायला लागली होती. म्हणून डावीकडचं सगळंच निसटत होतं.

"डोळ्यात सारखं पाणी तयार होतं," बाई म्हणाल्या, "आणि एका बारीक जाळीतून झिरपून बाहेर जातं. तुमची जाळी तुंबलीय. पाणी साठतं, दाब वाढतो, आणि मागची नस चेपून मरत जाते. दुखत नाही म्हणून माणसाला कळत नाही. थेंब तुम्ही घालत नाही, तर आपण लेझर करू. त्या जाळीवर प्रकाशाचे बारीक ठिपके मारायचे. जाळी मोकळी होते."

"जळतो ना डोळा?"

"नाही जळत. पाच-दहा मिनिटांचं काम."

"आणि गेलेलं परत दिसतं?"

"गेलेलं गेलं. उरलंय ते ठेवण्यासाठी करायचं."

"म्हणजे माझी कुऱ्हाड?"

बाईंना कुऱ्हाडीचं कळलं नाही. झुल्मिरानं सांगितलं. बाईंनी हातातला कागद खाली ठेवला. "ते मी सांगू शकत नाही. लेझर लागू पडलं की नाही हेसुद्धा सहा आठवड्यांनी कळेल. चारातल्या एकाला लागू पडत नाही. मग ऑपरेशन."

पुढच्या मंगळवारी लेझर झालं. त्या दिवशी फक्त डावा डोळा, उजवा नंतर कधीतरी. बधिर करणारे थेंब घातले. हनुवटी टेकवायला पट्टी, कपाळ टेकवायला पट्टी. बाईंनी जेलीसारखं काहीतरी लावून एक जाड भिंग थेट बुबुळावर ठेवलं. डोळा मिटावासा वाटला, पण भिंगानं तो मिटू दिला नाही. झुल्मिरा भिंतीकडच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घट्ट धरून बसली होती.

"आता हिरवा उजेड दिसेल. हलायचं नाही."

टक. टक. प्रत्येक ठोक्याला हिरवी ठिणगी. दुखलं नाही, कधी कधी आत टाचणी टोचल्यासारखं झालं, तेवढंच. पण छत्तीस वर्षं दुसऱ्याच्या अंगावर पातं चालवलेल्या माणसाला आता आपल्याच डोळ्यावर कुणीतरी तसंच बेतानं काहीतरी मारतंय, हे सोसवेना. बाईंचा हात जरा जास्त खोल गेला तर? त्याच्या मुठी यंत्राच्या दांड्यांवर पांढऱ्या पडल्या. मान ताठ झाली, पाठीवरून घामाचा ओघळ कमरेपर्यंत गेला. भिंग फिरवून बाईंनी खालची बाजू केली, वरची केली.

"झालं. तासाभरानं दाब मोजू, मग घरी."

तासाभरानं दाब चव्वेचाळीस होता.

बाईंनी पुन्हा मोजला. तोच आकडा. त्या घाईनं उठल्या, नर्सला हाक मारली, थेंब घातले, एक गोळी दिली. "काहींना असं होतं. उतरेल. पण उतरेपर्यंत मी तुम्हाला सोडणार नाही."

ती दोघं बाहेरच्या बाकावर बसली. डोळ्यामागं बोथट कळ होती, आणि गोळीनं त्याच्या बोटांना मुंग्या आल्या. समोर एक बाई डोळ्यावर पट्टी बांधून संत्रं सोलत होती. दुपारची बस गेली.

"बघ," बाल्ताझार म्हणाला. "छत्तीस होता. आता चव्वेचाळीस. बरा होता तो बिघडवून घेतला."

"बरा नव्हता."

"मला दिसत तरी होतं."

"गप बस."

"उद्या उठलो आणि काहीच दिसलं नाही तर?"

झुल्मिरानं उत्तर दिलं नाही. त्याला वाटलं ती रागावली. मान पूर्ण वळवून बघितलं तेव्हा दिसलं की ती डावीकडं बसून मघापासून रडत होती, ओठ दाताखाली धरून, आवाज न करता. ती तिथं रडते आहे हे त्याला दिसलंच नव्हतं. त्यानं मुंग्या आलेला हात तिच्या गुडघ्यावर ठेवला. तिनं तो झटकला नाही.

तीन वाजता सदतीस. पाच वाजता अठ्ठावीस. बाईंनी खुर्चीला पाठ टेकली आणि पहिल्यांदा हसल्या. "आता जा. उद्या सकाळी परत दाखवायचं. आणि हे दुसरे थेंब, हे चुरचुरणार नाहीत. रोज रात्री."

त्यानंतर रोज जेवण झालं की झुल्मिरा स्वतः त्याची मान मागं करून थेंब घालायची. ती दारातल्या सासऱ्यांच्या खुर्चीकडं बोट करायची नाही, आणि तो तक्रार करायचा नाही.

टोळीत तो फळ्या वाहत राहिला. खांद्याची साल निघाली, मग तिथं घट्टा आला. चालताना मान डावीकडं फिरवायची सवय त्यानं लावून घेतली. बायका आता टोमणे मारत नव्हत्या, आणि तेच त्याला जास्त लागत होतं. लिओनेलला दुसरा जोडीदार मिळाला होता. त्यांचं झाड सोलताना आवाज यायचा तो ऐकून बाल्ताझार मनात म्हणायचा, उशिरा मारला, आता फळी फाटणार. आणि फळी फाटायची.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तो जोडीदार शिडीवरून घसरला. गुडघा भोपळ्याएवढा सुजला. कुस्तोदियो पाण्याच्या मडक्यापाशी बाल्ताझारला गाठून म्हणाला, "काका, चार दिवसांचं काम उरलंय. उष्मा असाच राहिला तर साल धरून बसेल, सुटायची नाही. डोळ्याचं काय?"

"सोमवारी कळेल."

"लेझर तर झालंय."

"झालंय."

"मग?"

झुल्मिरा खांद्यावर फळ्या घेऊन तिथंच उभी होती. ती नाही म्हणेल म्हणून तो थांबला. ती म्हणाली, "डोळे तुझे आहेत. पण वर झाडावर माझा भाऊ असणार आहे." आणि ट्रॉलीकडं निघून गेली.

त्यानं कुऱ्हाड घेतली.

झाड जुनं होतं, दोघांच्या कवेत न मावणारं. लिओनेल वर बेचक्यात चढला. बाल्ताझारनं खालून उभी चीर घेतली. पहिले चार घाव पडले आणि त्याच्या मनगटाला सगळं आठवलं. पातं थांबायचं तिथं थांबत होतं. त्यानं पातं जरासं पिळलं, दांड्याचं निमुळतं टोक आत घातलं, रेटलं, आणि माणसाच्या उंचीची फळी करकरत अख्खी सुटून आली. खालची आई ओली, गुलाबी, एक ओरखडा नाही.

"हाताला गंज नाही चढला, दाजी," वरून लिओनेल म्हणाला.

बाल्ताझारनं सुटलेली फळी बाजूला उभी केली. तो डावीकडं सरकला. छातीच्या उंचीवर एक जाड फांदी फुटत होती, तिच्या बुडाशी आडवा घाव घ्यायचा होता. त्यानं पाय रोवले, कुऱ्हाड खांद्यामागं नेली. तेवढ्यात कपाळाचा घाम डाव्या डोळ्यात उतरला. खांद्याला डोळा पुसायला त्यानं मान डावीकडं वळवली.

फांदीवर बूट होता. तपकिरी, चामडं तडकलेला, दोरीची नाडी बांधलेला. आत पाय असलेला. कुऱ्हाड जिथं येणार होती तिथून वीतभर अंतरावर.

बाल्ताझार तसाच उभा राहिला, कुऱ्हाड वर.

"पाय कधी ठेवलास इथं?"

"कधी म्हणजे?" लिओनेल वरून वाकला. "मघापासून इथंच आहे."

मग त्याला बाल्ताझारचा चेहरा दिसला, आणि उगारलेली कुऱ्हाड. त्यानं पाय हळूच वर ओढून घेतला. बाल्ताझारनं कुऱ्हाड खाली आणली, जमिनीवर आडवी ठेवली आणि झाडाला धरलं. उघड्या आईवर त्याच्या पंजाचा ओला ठसा उमटला.

तो कुस्तोदियोकडं गेला. टोळी बघत होती. एरवी त्यानं मुकादमाला बाजूला नेलं असतं.

"मला डावीकडचं दिसत नाही," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "वर्षभर दिसत नव्हतं, मी सांगितलं नाही. लिओनेलचा पाय तोडणार होतो मी आत्ता."

कुस्तोदियोनं टोपी काढली, पुन्हा घातली. तो गेला, बाल्ताझारची कुऱ्हाड उचलली आणि स्वतः लिओनेलच्या झाडाखाली उभा राहिला. बाल्ताझार फळ्यांकडं वळला. झुल्मिरानं पोत्याची घडी आपल्या खांद्यावरून काढून त्याच्या घट्टा पडलेल्या खांद्यावर ठेवली.

सोमवारी डॉक्टरीणबाईंनी निळ्या उजेडात दाब मोजला. डावा सतरा. त्यांनी आकडा मोठ्यानं सांगितला तेव्हा झुल्मिरानं तो पुन्हा सांगायला लावला.

"सतरा. लागू पडलं. उजव्या डोळ्याचंही पुढच्या आठवड्यात करून टाकू. काही वर्षांनी परत करावं लागेल, आणि दर तीन महिन्यांनी तपासायचं. एवढं केलंत तर आज आहे तेवढी नजर राहील."

"राहील," बाल्ताझार म्हणाला. तो शब्द त्यानं तोंडात घोळवून बघितला. छोटा होता, पण त्याला पुरत होता.

बाई कागद भरत होत्या. "घरात आणखी कुणाला?"

"वडील आंधळे झाले. आम्ही म्हातारपण समजलो."

"भावंडं?"

"नाहीत."

"मुलंबाळं?"

झुल्मिरानं नवऱ्याकडं बघितलं. "एक मुलगी," ती म्हणाली. "इदालिना. चौतीस वर्षांची."

बाईंनी लिहिणं थांबवलं. "तिला घेऊन या."

दुपारच्या बसनं दोघं परतली. सतरा आकड्याचा आनंद एव्होरा सोडायच्या आधीच कुठंतरी उतरून गेला होता. आपल्या गावी, झिंब्रालला उतरल्यावर झुल्मिरा घराकडं वळली. बाल्ताझार मात्र सरळ गावच्या पावाच्या भट्टीवर गेला.

इदालिना तिथं कामाला होती. कोपरापर्यंत पीठ, केस फडक्यात बांधलेले. बापाला बघूनही तिनं पिठाच्या मोठ्या गोळ्यावरचे हात काढले नाहीत.

"काय म्हणाले, बाबा?"

"सतरा."

"चांगलं की वाईट?"

"चांगलं." तो पिठाच्या पोत्यावर बसला. "तुला तपासायला बोलावलंय."

"मला कशाला? मला चांगलं दिसतं. सुईत दोरा ओवते मी एका झटक्यात."

"मलाही चांगलं दिसत होतं."

ती हसणार होती, पण हसली नाही. बाल्ताझारनं तिला सगळं सांगितलं. छपरीतल्या बाटल्या, अंधाऱ्या खोलीत खोटं दाबलेलं बटण, मामाचा बूट. मुलीसमोर तो एवढं सलग कधी बोलला नव्हता. बोलताना त्याची मान सारखी डावीकडं वळत होती, आणि ती ते बघत होती.

बोलून झालं तेव्हा इदालिनानं पिठाचा गोळा उलटा केला, त्यावर ओलं फडकं झाकलं आणि हात चोळून पीठ झाडलं. फडक्यावरून नजर न काढता तिनं विचारलं, "ते भिंग डोळ्यावर ठेवतात, ते दुखतं?"

"दुखत नाही. भीती वाटते."

तिनं केसांचं फडकं सोडलं.

"मंगळवारी भट्टी बंद असते," ती म्हणाली.

"मग मंगळवारी," बाल्ताझार म्हणाला. "सकाळच्या बसनं. मी तुझ्या डावीकडं बसेन, म्हणजे तू मला दिसशील."